ब्रेक कॅलिपर घरी खोलता येतो, पण त्याचा धंदा करावा का?



आयटीआयमधून मोटर मेकॅनिक करून बाहेर पडलेली, चार-पाच वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये हात काळे केलेली मुलं हा प्रश्न घेऊन येतात. घराशेजारी शेड आहे, थोडी शिल्लक आहे, कॅलिपर रिबिल्डचं काम सुरू करू का? सील किट काही शे रुपयांत मिळतं, नवा कॅलिपर त्याच्या कितीतरी पट महाग. मधला फरक आपला. कागदावर हिशेब झकास दिसतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. करा. पण ग्राहकाची गाडी अंगणात जॅकवर चढवून नको. सुटा कॅलिपर टेबलावर घ्या, दुरुस्त करा आणि गॅरेजला द्या. दुसरं म्हणजे, आलेल्या प्रत्येक कॅलिपरचे तपासणीचे पैसे घ्या, मग तो दुरुस्त होवो किंवा भंगारात जावो. हे दुसरं जमणार नसेल तर हा धंदा करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते सांगतो. त्यासाठी आधी कॅलिपरच्या पोटात शिरावं लागेल.

डिस्क ब्रेकचा कॅलिपर म्हणजे तसं पाहिलं तर साधी वस्तू. बिडाचं किंवा अॅल्युमिनियमचं घर, त्यात एक पिस्टन, पिस्टनभोवती चौकोनी कापाची एक रबरी सील आणि बाहेरून डस्ट बूट. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड डिस्कवर आवळतात. पेडल सोडल्यावर पिस्टनला मागे कोण ओढतं? बरेच जण सांगतात, स्प्रिंग असेल. स्प्रिंग नसते. पिस्टन पुढे जाताना ती चौकोनी सील थोडी मुरडते आणि दाब गेला की पुन्हा सरळ होते. सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेते. तेवढ्या केसभर फटीवर चाक मोकळं फिरतं.

आता सील कडक झाली, किंवा तिच्या खाचेत गंज आणि मळ साठला, तर पिस्टन मागे येत नाही. पॅड घासत राहतात, चाक तापतं, ॲव्हरेज पडतं, गाडी एका बाजूला ओढते. कोकणात, किनारपट्टीला, आणि पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे हमखास बघायला मिळतं.

पण चाक तापतंय म्हणजे पिस्टनच जाम, असं नाही. आणि इथेच मेकॅनिक आणि उद्योजक वेगळे होतात. बऱ्याच वेळा दोष गाईड पिनचा असतो. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या सुकलेल्या असतात. त्या काढून, पुसून, रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलं की काम संपलं. कधी दोष ब्रेकच्या रबरी होज पाईपचा असतो. पाईप बाहेरून ठणठणीत दिसतो, पण आतून फुगलेला असतो. दाब जातो, परत येत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे. गाडी घोडीवर घ्या, चाक अडकलेलं असतानाच ब्लीड निपल जरासं उघडा. ऑइल बाहेर आलं आणि चाक लगेच सुटलं, तर दाब लाईनमध्ये अडकला होता, म्हणजे संशय होज किंवा मास्टर सिलिंडरवर. निपल उघडूनही चाक सुटलं नाही, तर दोष पिस्टन किंवा पिनमध्ये. ही चाचणी न करता कॅलिपर तुमच्याकडे पाठवणारं गॅरेज महिन्याभराने तुमच्याच नावाने ओरडणार. म्हणून कॅलिपर स्वीकारताना विचारायचं, निपल उघडून बघितलं होतं का? उत्तर वहीत लिहून ठेवायचं.

पिस्टन बाहेर काढणं हा घरच्या कामातला सगळ्यात धोक्याचा भाग आहे. व्हिडिओत दिसतं, कॉम्प्रेसरची हवा मारली, पिस्टन टप्पकन बाहेर. ५४ मिमी व्यासाचा पिस्टन धरा. त्याचं क्षेत्रफळ साधारण २३ चौ. सेंमी. फक्त ५ बार हवा सोडली तरी त्यावर ११५ किलोच्या आसपास जोर येतो. समोर बोट असेल तर बोट जाणार. धंदा म्हणून रोज करायचं असेल तर हवेचा नाद सोडा. हातपंपाने ब्रेक ऑइलच्याच दाबावर पिस्टन हळूहळू बाहेर काढा. द्रव हवेसारखा दाबला जात नाही, त्यामुळे पिस्टन गोळीसारखा सुटत नाही. समोर लाकडाचा ठोकळा तरीही ठेवायचाच.

पिस्टन हातात आला की खरा निर्णय. जुन्या मिस्त्रींची एक सवय असते, सिलिंडरला आतून होनिंग मारायची. ही सवय ड्रम ब्रेकच्या व्हील सिलिंडरमधून आलेली आहे. तिथे रबरी कप पिस्टनसोबत सिलिंडरच्या भिंतीवर सरकतो, म्हणून भिंत आरशासारखी लागते. डिस्क कॅलिपरमध्ये सील घराच्या खाचेत एका जागी बसते आणि पिस्टन तिच्यातून सरकतो. म्हणजे गळती थांबवणारा पृष्ठभाग पिस्टनचा आहे, भिंतीचा नाही. भिंतीवर बारीक डाग असेल तर तो पुसून निघतो, चालतो. पण पिस्टनच्या क्रोमवर सील बसते त्या पट्ट्यात एक खड्डा दिसला, नखाला लागला, तर तो पिस्टन संपला. पॉलिश पेपर मारून चमकवला तर क्रोम आणखी जाईल आणि गंज पुढच्या पावसाळ्यात परत येईल. 'लेथवर नवा पिस्टन ओढून घेऊ' असंही सुचेल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सांगाल ते बनवून मिळतं, कौतुकच आहे. पण मोजमाप, क्रोमची जाडी, पृष्ठभागाची सफाई याचा दाखला कोण देणार? पिस्टन कंपनीचा किंवा खात्रीच्या उत्पादकाचा, बिलासकट. नाहीतर कॅलिपर परत.

खाचेच्या सफाईला मात्र हात आखडू नका. सीलच्या खाली राहिलेला चिमूटभर गंज सीलला मुरडू देत नाही. नवं किट टाकूनही चाक तापतंय, याचं नेहमीचं कारण हेच असतं. पितळी किंवा लाकडी टोकाने खरडा, स्क्रू ड्रायव्हरने नको, कारण खाचेला ओरखडा पडला तर तिथून गळेल.

आणि आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते मुळात ऑइलच नाही, हे शेडमध्ये काम करणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगा. डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकॉल जातीचे द्रव आहेत. इंजिन ऑइल, डिझेल, पेट्रोल, साधं ग्रीस यातलं काहीही लागलं तर ब्रेकचं रबर फुगतं. सुटे भाग डिझेलमध्ये धुवायची आपल्याकडची सवय इथे चालत नाही. ब्रेक क्लीनर वापरा, आणि जोडताना सीलला ताजं ब्रेक ऑइलच लावा. हा द्रव हवेतलं पाणी शोषतो. डॉट ४ चा किमान उत्कलनबिंदू कोरडा असताना २३० अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर १५५ अंश. कुंभार्ली घाट उतरताना डिस्क तापली, ऑइलमध्ये वाफ झाली, की पेडल फरशीला टेकतं. म्हणून मोठा कॅन स्वस्त पडतो असं बघून उघडून ठेवू नका. लहान बाटल्या घ्या, उरलेलं फेका.

आता पैशाचं बोलू. खालचे आकडे मी हिशेब समजावा म्हणून धरले आहेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही विचारून घाला.

सील किट ३५० रुपये. तांब्याचे नवे वॉशर, निपलची टोपी वगैरे ६०. ब्रेक ऑइल ८०, क्लीनर ५०. तुमचा दीड तास, तासाला २५० धरला तर ३७५. झाले ९१५. नवीन मुलं इथे थांबतात आणि १,२०० रुपये भाव सांगून मोकळी होतात. म्हणतात, २८५ सुटले.

पण दहा कॅलिपर आले त्यातले तीन नापास झाले असं धरा. ते तीन खोलायला, धुवायला, बघायला प्रत्येकी पाऊण तास गेला. म्हणजे साधारण ५६० रुपयांचा वेळ, आणि त्याचे पैसे कुणीच दिले नाहीत. तो खर्च उरलेल्या सातांवर बसतो, प्रत्येकी ८०. राहिले २०५. त्यात वीज, शेडचं भाडं, टॉर्क पान्याचा आणि पंपाचा खर्च, रिक्षाने माल पोचवणं. सातातला एक परत आला की त्याचं किट पुन्हा, वेळ पुन्हा, आणि गॅरेजवाला त्याची मजुरी तुमच्याकडून कापणार ती वेगळी. महिनाअखेर काय उरलं ते तुम्हीच बघा.

नफा कमी आहे ही माझी तक्रार नाही. माझी भीती वेगळी आहे. तिसरा नापास पिस्टन हातात आहे, संध्याकाळचे सात वाजलेत, गॅरेजवाल्याचे दोन फोन येऊन गेलेत, 'परत' म्हटलं तर शून्य रुपये आणि 'चालतंय' म्हटलं तर १,२००. अशा वेळी तो खड्डा लहान दिसायला लागतो! माणूस वाईट असतो म्हणून नाही. भावच असा लावलाय की नाही म्हणणाऱ्याच्या खिशातून पैसे जातात. ज्या कामात चुकीचं 'हो' जिवावर बेतू शकतं, तिथे 'नाही' म्हणण्याचेही पैसे मिळायलाच हवेत.

म्हणून तपासणी फी. कॅलिपर टेबलावर आला की २५० रुपये, पास झाला तरी आणि नापास झाला तरी. दुरुस्तीचा भाव त्यावर वेगळा. नापास असेल तर पिस्टनचा फोटो आणि एका ओळीत कारण गॅरेजवाल्याच्या मोबाईलवर. सुरुवातीला गॅरेजवाले कुरकुर करतील, 'बघायचे कसले पैसे?' करू द्या. रक्त तपासणाऱ्या लॅबला आपण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पैसे परत मागतो का? हा फोटो गॅरेजवाल्याच्याही कामाचा असतो. ग्राहकाला नवा कॅलिपर का लागतोय हे त्याला दाखवता येतं.

काही जाणकार म्हणतात, ब्रेकसारखी गोष्ट दुरुस्तच करू नये, सरळ नवा बसवावा. मला हे पटत नाही. मोठी वर्कशॉप पूर्ण कॅलिपर बदलतात त्यामागे बऱ्याचदा त्यांच्या मजुरीचा हिशेब असतो. दुरुस्त कॅलिपर असुरक्षितच असतो असं त्यातून सिद्ध होत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कार्डोन या कंपनीने १९७० पासून जुने सुटे भाग पुन्हा घडवून विकण्याचा धंदा केला, ब्रेक कॅलिपरसुद्धा. तिकडे पद्धत अशी की दुकानातून तयार कॅलिपर घेताना जुन्याची ठेव भरायची, आणि जुना आणून दिला की ठेव परत. आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही, गॅस सिलिंडर आपण असाच तर बदलतो.

हीच पद्धत तालुक्याच्या गावात लावा असं माझं सांगणं आहे. तुमच्या भागात जास्त फिरणाऱ्या तीन मॉडेलचे तपासलेले कॅलिपर तयार ठेवा. गॅरेजवाला येतो, तयार कॅलिपर नेतो, जुना देतो, ठेव भरतो. जुना तपासणीत पास झाला तर ठेव पूर्ण परत, पिस्टन गेला असेल तर त्यातून वळती. त्याला काय मिळालं? गाडी त्याच दिवशी बाहेर. अडकलेली गाडी म्हणजे अडकलेली जागा, आणि गॅरेजवाला त्या जागेचे पैसे द्यायला तयार असतो. तुम्हाला काय मिळालं? घाई नाही. कॅलिपर रात्रभर चाचणीला ठेवता येतो. शिवाय ठेव आधी हातात आल्याने उधारी निम्मी आटोक्यात. आपल्याकडचे छोटे धंदे कौशल्य नाही म्हणून कमी आणि गॅरेजवाल्यांच्या 'पुढच्या सोमवारी देतो' मुळे जास्त बसतात, हे वेगळं सांगायला नको.

मॉडेल निवडताना एक पथ्य. ज्या गाडीचा नवा कॅलिपर बाजारात सहज आणि स्वस्तात मिळतो, तिच्या नादाला लागू नका. नव्याचा भाव तुमच्या भावाच्या अडीच पटीपेक्षा कमी असेल तर ग्राहकाने नवाच घ्यावा, आणि तसं तुम्हीच त्याला सांगा. आपल्या लहान गाड्यांत बहुतेक पुढे डिस्क, मागे ड्रम असतात, म्हणजे गाडीमागे दोनच कॅलिपर. काम मिळतं ते थोड्या महागड्या, मागेही डिस्क असलेल्या, वॉरंटी संपलेल्या गाड्यांत. फक्त मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा असेल तर पिस्टन फिरवत आत घ्यावा लागतो, सरळ दाबला तर आतला स्क्रू तुटतो. ते काम दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

चाचणीबद्दल तडजोड नाही. जोरात ब्रेक मारला की लाईनमध्ये ७० ते १०० बार दाब सहज येतो. हातपंप, गेज, आणि पॅडच्या जागी पोलादी ठोकळा असा साधा सांगाडा करून घ्या. दाब फक्त द्रवाचा द्यायचा, हवेचा कधीच नाही. ८० बारला धरून ठेवा, गेजचा काटा उतरतो का बघा. मग मुद्दाम ४-५ बारवर रात्रभर ठेवा, खाली पांढरा कागद. हा दुसरा टप्पा बरेच जण गाळतात, पण जास्त दाबाला सील भिंतीशी घट्ट चिकटते आणि कमी दाबाला झिरपते, असं होतं. सकाळी कागद कोरडा असेल तरच माल बाहेर.

प्रत्येक कॅलिपरवर नंबर ठोका. वहीत त्या नंबरपुढे तारीख, किटचा बिल नंबर, पिस्टनचा फोटो आहे की नाही, दोन्ही दाबांचे आकडे, सही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात दुरुस्ती-सेवा देणाराही येतो. उद्या अपघात झाला आणि बोट तुमच्याकडे वळलं, तर 'मी नीट केलं होतं' या वाक्याला किंमत नसते, नोंदीला असते. एकदा वकिलाकडे आणि विमा एजंटकडे बसून हे समजून घ्या, दोघांची फी भरून.

हे कायद्याच्या धाकाने करा असंही मी म्हणत नाही. गाडीच्या मालकाने स्वस्त दुरुस्ती निवडली, धोका त्याला माहीत होता. शाळेसमोर रस्ता ओलांडणाऱ्या पोराला कुणी विचारलं होतं? स्वतःच्या गाडीचा कॅलिपर घरी खोलणाऱ्या हौशी मंडळींनाही हाच प्रश्न लागू आहे.

बसवण्याचं काम गॅरेजचं, हे पावतीवर लिहा. माउंटिंग बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळणे, बँजो बोल्टला नवे तांब्याचे वॉशर (ते तुम्ही सोबतच द्या), हवा काढणे, आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करणे. डावा-उजवा कॅलिपर उलटा बसला तर ब्लीड निपल खाली जातं आणि हवा कधीच निघत नाही, म्हणून 'डावा', 'उजवा' असा टॅग मोठ्या अक्षरात.

भांडवलाचं सांगायचं तर टॉर्क पाना, हातपंप, गेज, धुण्याची टाकी आणि सुरुवातीचा थोडा साठा एवढ्याने सुरुवात होते. मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज ५० हजारांपर्यंत मिळतं, साधनांना ते पुरावं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.

आणि पहिलं गिऱ्हाईक घेण्याआधी भंगारातून पंचवीस कॅलिपर आणा. मुंबईकरांना कुर्ला आहे, बाकीच्यांनी आपापल्या गावचा भंगारवाला गाठावा, वजनावर मिळतील. सगळे खोला. प्रत्येकापुढे पास की नापास ते लिहा आणि का तेही लिहा, मग ती वही आणि ते पिस्टन घेऊन तुमच्या ओळखीतल्या सगळ्यात खडूस ब्रेक मिस्त्रीकडे जा. त्याचं आणि तुमचं मत किती ठिकाणी जुळत नाही, ते मोजा. चाचणीचा सांगाडा कसा बनवायचा, त्याची मापं आणि लागणारे फिटिंग, हे पुढच्या व्हिडिओत दाखवतो.